रॅफलचं लायसन्स नाकारलं म्हणजे नेमकं काय झालं?

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ४ एप्रिल २०२२ पासून खासगी कंपन्यांचे ऑनलाइन कसिनो कायदेशीर झाले. हॉकीची मॅच लावली की पैजांच्या जाहिराती सुरू, बसथांब्यावर त्याच, फोन उघडला तरी त्याच. आणि याच प्रांतात एखाद्या मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात मराठी शाळेसाठी रॅफलची, म्हणजे बक्षिसाच्या सोडतीची, पाच डॉलरची तिकिटं विकायची ठरवली, तर सिटी हॉलमधून पत्र येऊ शकतं: अर्ज नामंजूर. किंवा त्याहून वाईट, लायसन्स मिळालेलं असतं, तिकिटं निम्मी खपलेली असतात आणि मग ते रद्द होतं.

अशा वेळी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय चालतं ते सांगायला नको. "आपण काय जुगाराचा अड्डा चालवतोय का?" हा पहिला मेसेज. "गोऱ्यांच्या चर्चला बरं मिळतं" हा दुसरा. तिसऱ्या मेसेजमध्ये कुणीतरी सुचवतं की लायसन्सच्या भानगडीत न पडता तिकिटाऐवजी "देणगी कूपन" छापावं. हा तिसरा सल्ला सर्वात धोक्याचा. तो का, ते समजायला हा सगळा प्रकार मुळापासून पाहावा लागतो.

मुळात हा गुन्हाच आहे

रॅफल, बिंगो, हाउसी, फिफ्टी-फिफ्टी (जमलेल्या रकमेतली निम्मी विजेत्याला आणि निम्मी संस्थेला) यांना कॅनडाचा कायदा एकाच गटात टाकतो. त्यासाठी कायद्यातला शब्द आहे 'लॉटरी स्कीम'. ती ओळखायची खूण सोपी आहे. भाग घ्यायला पैसे द्यावे लागतात, कोण जिंकणार ते नशिबावर ठरतं आणि जिंकणाऱ्याला बक्षीस मिळतं. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की लॉटरी झाली. मग बक्षीस मिक्सर असो की मोटार.

कॅनडाच्या फौजदारी संहितेचं कलम २०६ म्हणतं की अशी लॉटरी चालवणं हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच्या पुढचं कलम २०७ अपवाद सांगतं. पहिला अपवाद खुद्द प्रांताच्या सरकारचा. दुसरा धर्मादाय किंवा धार्मिक संस्थेचा, पण दोन अटींवर. हातात लायसन्स हवं आणि उत्पन्न धर्मादाय किंवा धार्मिक कामालाच लागलं पाहिजे.

लोक इथेच चुकतात. त्यांना वाटतं की आपल्याला एक हक्क आहे आणि सिटी हॉल तो अडवतंय. रेस्टॉरंटचं किंवा टॅक्सीचं लायसन्स तसं असतं. धंदा मुळात वैध असतो, लायसन्स त्याला शिस्त लावतं. रॅफलचं उलट आहे. इथे मूळ कृती गुन्हा आहे आणि लायसन्स हे त्या गुन्ह्यातून तेवढ्यापुरती सुटका देणारं कागदपत्र आहे. म्हणून "तुम्ही नाही का म्हणालात?" या प्रश्नाआधी "आम्ही हो का म्हणावं?" हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर अर्जदाराला द्यावं लागतं.

"देणगी कूपन"वाला सल्लाही याच कारणाने फसतो. पाच डॉलर दिल्याशिवाय सोडतीत नाव जात नसेल, तर कागदावर कूपन लिहा, शुभेच्छापत्र लिहा, नाहीतर प्रसाद लिहा, तिन्ही गोष्टी जागच्या जागीच आहेत. प्रवेश खरोखर फुकट असेल, एक पैसा न देणाऱ्यालाही तितकीच संधी असेल, तर गोष्ट वेगळी. पण मग निधी कुठून जमणार?

पण यात शहराचा काय संबंध?

गुन्ह्याचा कायदा संसदेचा, मग लायसन्स नगरपालिकेच्या खिडकीवर का मिळतं? याची मुळं जुनी आहेत. १८९२च्या कॅनेडियन फौजदारी संहितेतच धर्मादाय बाजारातल्या छोट्या सोडतींना सूट होती. अट अशी की शहराच्या कौन्सिलची किंवा महापौराची परवानगी हवी, वस्तू आधी विकायला ठेवलेली हवी आणि तिची किंमत पन्नास डॉलरच्या वर नको. म्हणजे चर्चच्या जत्रेत रजईची सोडत काढायलाही गावच्या प्रमुखाकडे जावं लागे. पुढे १९६९मध्ये कायदा बराच सैल झाला, १९८५च्या दुरुस्तीने लॉटऱ्यांचा कारभार प्रांतांकडे गेला आणि प्रांतांनी छोट्या सोडतींची कामं शहरांकडे सोपवली.

आज ओंटारियोत वाटणी साधारण अशी आहे. ज्या रॅफलची एकूण बक्षिसं ५०,००० डॉलरपर्यंत आहेत ती शहराकडे. बिंगोची मर्यादा ५,५०० डॉलर. त्यावरच्या सोडती आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या रॅफल प्रांताच्या आयोगाकडे, ज्याचं नाव अल्कोहोल अँड गेमिंग कमिशन ऑफ ओंटारियो. ब्लॅकजॅकची (पत्त्यांच्या जुगाराची) टेबलं लावून 'कसिनो नाइट' करायची असेल तर शहराच्या खिडकीवर जाऊन उपयोग नाही, ते तिच्या अखत्यारीतच नाही. शहर बक्षिसांच्या किमतीच्या ३ टक्क्यांपर्यंत फी घेऊ शकतं. नियमपुस्तक आयोगाचं, अंमल शहराच्या कारकुनाचा.

ही उतरंड वैध आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९९१च्या फर्टनी खटल्यात बिंगो चालवणाऱ्यांवर आरोप होता की त्यांनी संस्थांना लायसन्सच्या अटी मोडायला प्रवृत्त केलं. त्यांचा बचाव असा की संसदेने हे अधिकार असे खाली सोपवायलाच नको होते. न्यायालयाने तो मानला नाही. तेव्हापासून त्या खिडकीमागचा माणूस "मला अधिकार आहे" असं म्हणतो तेव्हा ते खरं असतं.

ते अर्जात काय शोधतात

इथे जरा थांबू, कारण बहुतेक नकारांचं बीज इथेच असतं.

पहिला प्रश्न: संस्था 'चॅरिटेबल' आहे का? इथला चॅरिटेबल म्हणजे 'चांगलं काम करणारी' एवढाच नाही. १८९१च्या एका ब्रिटिश निकालापासून चालत आलेले चार कप्पे आहेत: गरिबी निवारण, शिक्षणाचा प्रसार, धर्माचा प्रसार आणि समाजाच्या हिताचं इतर काम. तुमचं काम यांतल्या एकात बसावं लागतं. 'ना-नफा' नोंदणी पुरेशी नाही. ना-नफा म्हणजे फक्त एवढंच की सभासद नफा वाटून घेत नाहीत. गोल्फ क्लबही ना-नफा असू शकतो, म्हणून तो धर्मादाय होत नाही.

दुसरा प्रश्न: किती जुनी संस्था? किमान एक वर्षाचं काम दाखवावं लागतं. रॅफलसाठी गेल्या महिन्यात जन्माला आलेल्या संस्थेला दार बंद.

तिसरा प्रश्न, आणि खरा प्रश्न हाच: पैसे नेमके कशाला जाणार?

समजा एका मंडळाने अर्ज केला. दोन हजार तिकिटं, प्रत्येकी पाच डॉलर, सगळी खपली तर १०,००० डॉलर. बक्षिसं २,५०० डॉलरची. नियमानुसार एकूण उत्पन्नाच्या किमान २० टक्के बक्षिसांना जायला हवेत, म्हणजे २,०००. तिथे अडचण नाही. छपाई ३०० डॉलर, शहराची फी फार तर ७५. उरले ७,१२५. इथपर्यंत गणित स्वच्छ आहे. आता अर्जातला पुढचा रकाना: या रकमेचा विनियोग. मंडळाने लिहिलं, "सांस्कृतिक कार्यक्रम व स्नेहसंमेलन."

संपलं. कारकुनाच्या नजरेत याचा अर्थ असा होतो की सभासदांनी तिकिटं विकली आणि त्या पैशांतून सभासदच श्रीखंड-पुरी खाणार. सभासदांच्या स्वतःच्या फायद्याचा खर्च बाद असतो. मोठ्यांच्या क्रिकेट लीगचे टी-शर्टही बाद. पदाधिकाऱ्यांचं मानधन मागाल तर अर्ज आणखी खोलात.

तेच मंडळ जर लिहू शकलं असतं की दर शनिवारी भरणाऱ्या मराठी वर्गाच्या खोलीचं भाडं इतकं, पुस्तकं इतकी, वर्ग कुणालाही खुला, मागच्या वर्षी इतकी मुलं आली, ही त्यांच्या वर्गाची हजेरी, तर तेच ७,१२५ डॉलर शिक्षणाच्या कप्प्यात बसले असते. मंडळ तेच, माणसं तीच, बहुधा कामही तेच. फरक फक्त कुठल्या खर्चाला पैसे बांधले आणि त्याचा कागद जोडला का, एवढ्याचाच.

ज्याने महाराष्ट्रात गणपती मंडळाचं काम केलंय त्याला हे परकं वाटायला नको. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५०च्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं, आणि तिथेही उत्सवापेक्षा हिशेबाचीच चौकशी जास्त. गणपती किती सुंदर आहे हे कुणी विचारत नाही, पावतीपुस्तक कुठे आहे हे विचारतात.

नाकारणं वेगळं, काढून घेणं वेगळं

ही दोन पत्रं दिसायला सारखी असतात, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांत मोठं अंतर आहे.

नकार म्हणजे तुम्हाला जे कधी मिळालंच नव्हतं ते न मिळणं. कारणं बहुधा कोरडी असतात. संस्था कप्प्यात बसत नाही, घटना जोडलेली नाही, ताळेबंद जुना आहे, मागच्या सोडतीचा अहवाल आलेला नाही, लॉटरीसाठी वेगळं बँक खातं नाही. हे शेवटचं फार आढळतं. लॉटरीचे पैसे ट्रस्ट खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखलेल्या खात्यात, ठेवायचे असतात. मंडळाच्या नेहमीच्या खात्यात वर्गणी, हॉलचं डिपॉझिट, नाटकाची तिकिटं आणि रॅफल एकत्र कालवली, की शहराला नंतर काहीच वेगळं काढता येत नाही.

रद्द करणं म्हणजे दिलेली गोष्ट परत घेणं. तोवर तुम्ही तिकिटं छापलेली असतात, लोकांचे पैसे घेतलेले असतात. म्हणून इथे शहरावर जास्त बंधन येतं. कारण सांगायचं, आरोप काय ते कळवायचं आणि निर्णयाआधी तुमचं म्हणणं ऐकायचं. रद्द होण्याची कारणंही वेगळी. लायसन्स हातात यायच्या आधीच तिकिटं विकायला काढली. लायसन्समध्ये बक्षीस एक आणि स्टेजवर दिलं दुसरंच. पैसे अर्जात लिहिलेल्या कामाऐवजी दुसरीकडे गेले. किंवा एका संस्थेच्या लायसन्सवर दुसऱ्याच संस्थेने सोडत काढली. शेवटचा प्रकार आपल्याकडे भलेपणाच्या नावाखाली होतो: "त्यांचं नोंदणीकृत आहे ना, त्यांच्या नावावर काढू." उसन्या लायसन्सवर काढलेली सोडत ही बिनालायसन्सचीच सोडत असते.

लायसन्सच्या अटी मोडणं हाही कलम २०७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. रद्द झाल्यावर जमलेले पैसे संस्थेच्या इतर खर्चाला वळवता येत नाहीत. तिकीटधारकांचं काय करायचं ते शहराला विचारूनच ठरवावं लागतं.

मग शहर काहीही करू शकतं?

नाही. आणि याचं उदाहरण कॅनडाच्या कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं, फक्त ते रॅफलचं नाही, दारूच्या लायसन्सचं आहे.

माँट्रियलमध्ये फ्रँक रॉन्करेली नावाचे एक रेस्टॉरंटवाले होते. ते 'जेहोवाज विटनेस' या ख्रिस्ती पंथाचे. १९४०च्या दशकात क्वेबेकमध्ये त्या पंथाच्या लोकांना पत्रकं वाटल्याबद्दल पकडलं जाई आणि रॉन्करेली त्यांना जामीन राहत. एक-दोघांना नव्हे, शेकडोंना. प्रांताचे पंतप्रधान मोरिस द्युप्लेसी यांना ते खुपलं. डिसेंबर १९४६मध्ये रॉन्करेलींचं दारूचं लायसन्स त्यांच्या सांगण्यावरून रद्द झालं, आणि पुन्हा कधीच मिळणार नाही असंही जाहीर केलं गेलं. भर जेवणाच्या वेळी पोलिस आले आणि दारूचा साठा उचलून नेला. रेस्टॉरंट काही महिन्यांत बंद पडलं.

खटला चालला बारा वर्षांवर. १९५९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॉन्करेलींच्या बाजूने निकाल दिला आणि द्युप्लेसींना स्वतः ३३,१२३ डॉलर ५३ सेंट भरायला सांगितले. न्यायमूर्ती रँड यांच्या म्हणण्याचा गाभा असा: कायद्याने अधिकाऱ्याला मर्जी दिली म्हणजे ती निरंकुश होत नाही. ज्या हेतूने कायदा झाला त्याच्याशी संबंध नसलेल्या कारणासाठी लायसन्स काढून घेता येत नाही. जामीन राहण्याचा आणि दारू विकण्याचा काय संबंध?

रॅफललाही हाच नियम. खातं वेगळं नाही म्हणून नकार, हे चालतं. संस्थेच्या अध्यक्षाने निवडणुकीत नगरसेवकाच्या विरोधात प्रचार केला म्हणून नकार, हे चालत नाही. पहिल्याचा कायद्याच्या हेतूशी संबंध आहे, दुसऱ्याचा नाही. १९९९च्या बेकर खटल्यापासून आणखी एक गोष्ट पक्की झाली. निर्णयाचा तुमच्यावर जितका जास्त परिणाम, तितकी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी जास्त. म्हणूनच पहिल्या अर्जाच्या नकारापेक्षा मधेच रद्द करण्याला कोर्ट अधिक कडक नजरेने पाहतं.

"सरकारचे कसिनो चालतात, आमची रॅफल नाही?"

हा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो आणि त्याचं समाधानकारक उत्तर कायद्याकडे आहे असं मी म्हणणार नाही. तांत्रिक उत्तर आहे. कलम २०७चा पहिला अपवाद सरकारचा, त्यामुळे प्रांत स्वतःच्या यंत्रणेमार्फत खासगी कंपन्यांचे ऑनलाइन खेळ 'चालवतो', आणि त्याला कुठल्या शहराचं लायसन्स लागत नाही. एकाच मॅचच्या निकालावर पैज लावणं २०२१पर्यंत बंद होतं, संसदेने तेही त्या वर्षी खुलं केलं. म्हणजे प्रांताला ज्याच्यात भरपूर उत्पन्न आहे ते दार सताड उघडं आणि मंडळाच्या ७,१२५ डॉलरवर पहारा.

ढोंग आहेच. पण त्यावरून "म्हणून आम्हीही लायसन्सशिवाय काढू" हे निघत नाही. आणि एक इतिहासही आहे. १९९०च्या दशकात ओंटारियोत संस्थांच्या नावाने तीन-तीन दिवसांचे फिरते कसिनो भरत. टेबलं, डीलर सगळं व्यावसायिक चालकांचं, नाव संस्थेचं. प्रांताने ते बंद करून ४४ कायम 'चॅरिटी कसिनो' काढायचं जाहीर केलं. १९९७च्या नगरपालिका निवडणुकांत गावोगावी लोकांनी त्याविरुद्ध मतं दिली आणि सुरुवातीला चारच उघडले: सू सेंट मरी, ब्रँटफर्ड, थंडर बे आणि पॉइंट एडवर्ड. तेव्हा 'आमच्या गावात नको' म्हणायची ताकद शहरांनी वापरली ती लोकांच्याच बळावर.

"पाच डॉलरच्या तिकिटाला एवढा संशय कशाला?"

कारण धर्मादाय बिंगोच्या पैशांनी एक सरकारच हादरवलं आहे. कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 'बिंगोगेट' म्हणून ते प्रकरण ओळखलं जातं. नानायमो कॉमनवेल्थ होल्डिंग सोसायटी ही एका राजकीय पक्षाच्या जवळची संस्था. धर्मादाय संस्थांच्या नावावर चालणाऱ्या बिंगोतले पैसे तिथे वर्षानुवर्षं वळवले गेले. १९९४मध्ये सोसायटीने गुन्हा कबूल केला. पुढच्याच वर्षी प्रांताचे पंतप्रधान माइक हारकोर्ट यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. त्यांचा स्वतःचा त्यात हात नव्हता, पण पक्षाची जबाबदारी त्यांनी घेतली. सोसायटीचे सूत्रधार आणि प्रांताचे माजी अर्थमंत्री डेव्ह स्टुपिच यांनी १९९९मध्ये गुन्हा कबूल केला.

त्या बिंगो हॉलमध्ये बसलेल्या आजीबाईंना वाटत होतं की आपला डॉलर एखाद्या गरजूला चाललाय. चोरी त्या समजुतीची होती. रोख रक्कम, छोट्या नोटा, स्वयंसेवकांचा हिशेब आणि 'चांगल्या कामाला कोण प्रश्न विचारणार' ही भावना. पैसे गळायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. तीस दिवसांत अहवाल द्या, न खपलेली तिकिटं ठेवा, प्रत्येक तिकिटावर लायसन्सचा क्रमांक छापा, हे नियम अशीच गळती रोखायला आहेत.

"भारतात तर सोसायटीत सर्रास हाउसी होते"

होते. पण परवानगी असते म्हणून नव्हे, कुणी तक्रार करत नाही म्हणून. महाराष्ट्रात आजही १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि महापालिकेच्या खिडकीवर मंडळांना धर्मादाय सोडतीचं लायसन्स देणारी ओंटारियोसारखी व्यवस्था आपल्याकडे नाही.

गंमत म्हणजे जुगाराला हक्क मानायचं की सवलत, हा प्रश्न भारतात सोडवला गेला तो मुंबई राज्याच्याच खटल्यात. आर. एम. डी. चमारबागवाला बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार'मधून शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालवत आणि त्या मुंबई राज्यात जोरात खपत. राज्याने कर लावला. ते म्हणाले, हा आमचा व्यवसाय, तो मूलभूत हक्क. मुंबई उच्च न्यायालयात ते जिंकले. १९५७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितलं की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापारच नाही. कॅनडाचं कलम २०६ वाचताना त्या निकालाची आठवण होतेच. दोन्हीकडे सुरुवात 'नाही'पासूनच.

सीमा ओलांडून अमेरिकेत गेलात तर प्रत्येक राज्याचं निराळं. कॅलिफोर्नियात १९७६च्या घटनादुरुस्तीनुसार धर्मादाय बिंगो शहराने किंवा काउंटीने स्वतःचा नियम केला असेल तरच चालतो. नियमच नसेल तर अर्ज कुठे करणार? तिथे रॅफलची नोंदणी मात्र राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे, आणि एकूण उत्पन्नाचे किमान ९० टक्के धर्मादाय कामाला. मिनेसोटात लायसन्स राज्याचं मंडळ देतं, पण शहराला नकार द्यायला ठरावीक दिवस मिळतात. म्हणून टोरंटोच्या मित्राचा अनुभव ऐकून कॅलिफोर्नियातल्या सॅन होझेत तिकिटं छापू नका.

"आमच्याशी भेदभाव होतोय"

होत नसेलच असं नाही. घटना मराठीत, सभासदांची यादी हाताने लिहिलेली, ऑडिटर मंडळातल्याच कुणाचा तरी मेहुणा. अशा अर्जाकडे अनोळखी अधिकारी जास्त बारकाईने बघतो हे खरं आहे. आणि काही शहरं जे दोन ओळींचं पत्र पाठवतात, 'संस्था पात्र नाही' एवढंच, ते मला उद्दामपणाचं वाटतं. दर वर्षी नवे स्वयंसेवक येणाऱ्या संस्थेला कुठला कागद कमी पडला हे सांगायला कितीसा वेळ लागतो?

पण भेदभावाचा आरोप पुराव्याशिवाय केला की अधिकारी बचावात जातो आणि खरं कारण आणखी आत जातं. आधी लेखी कारण मागा. कोणत्या नियमाखाली, कोणता खर्च अपात्र, हे नेमकं विचारा. उत्तरात सांगितलेलं कारण दुसऱ्या तशाच संस्थेला लावलं गेलं नाही असं दिसलं, तर तुमच्या हातात काहीतरी आहे.

नकाराचं पत्र आल्यावर

सगळ्यात आधी तिकीटविक्री थांबवा. सुरू केली नसेल तर सुरू करू नका, "उद्या लायसन्स येईलच" या भरवशावर तर नाहीच.

मग पत्र दोनदा वाचा. अर्ज अपुरा म्हणून परत आला असेल तर तो नकार नाही, कागद जोडून पुन्हा द्या. खर्च अपात्र ठरला असेल तर विनियोगाचा रकाना बदला. मात्र नुसता कागदावर बदलू नका, पैसे खरोखर तिकडेच जाणार असतील तरच. संस्थाच पात्र नसेल तर घटनेतली उद्दिष्टं पाहा. 'महाराष्ट्रीय बांधवांना एकत्र आणणे' हे एकच उद्दिष्ट असेल तर तो सामाजिक क्लब ठरतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत शिक्षण किंवा कलेचा प्रसार हे स्पष्ट उद्दिष्ट घाला, आणि मग एक वर्ष ते काम करूनही दाखवा.

तोवर निधीचं काय? वस्तूंचा लिलाव करा, तो लॉटरीत येत नाही, कारण जास्त बोली लावणारा घेतो, नशीब त्यात नाही. फराळाचे डबे विका. नाटकाच्या तिकिटावर जास्तीचे दहा डॉलर शाळेसाठी म्हणून सांगून मागा. मराठी माणूस हात आखडता घेतो म्हणतात, पण डब्यात चकली चांगली असेल तर घेत नाही.

शहराचा निर्णय खरंच चुकीचा वाटत असेल तर काही शहरांत आधी कौन्सिलच्या समितीसमोर किंवा अपील मंडळासमोर म्हणणं मांडता येतं. त्यापुढे मार्ग कोर्टाचा, म्हणजे न्यायालयीन पुनर्विलोकनाचा. तिथे न्यायाधीश तुमचं काम चांगलं की वाईट ते ठरवत नाही. शहराचा निर्णय कायद्याला धरून आणि रास्त आहे का, आणि तो रास्त पद्धतीने घेतला का, एवढंच पाहतो. त्यासाठी ओंटारियोत निर्णयापासून तीस दिवसांची मुदत आहे. सात हजार डॉलरच्या रॅफलसाठी वकिलाची फी परवडेल का, हा हिशेब कार्यकारिणीने आधी करावा. बहुतेक मंडळांना नव्याने अर्ज करणंच स्वस्त पडतं.

आणि लायसन्स मिळालंच, तर सोडतीनंतरच्या तीस दिवसांत अहवाल पाठवायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा. कार्यकारिणी बदलते, फाइल कुणाच्या तरी गॅरेजमध्ये राहते आणि पुढच्या दिवाळीला नवे पदाधिकारी खिडकीवर जातात, तेव्हा कारकून सगळ्यात आधी मागतो तो मागच्या वर्षीचा अहवाल.